हसण्याचं कारण विचारणारे तामोरे सर

तामोरे सरांसमोर हसणं धोक्याचं असतं. तुम्ही हसलात की ते हातातलं काम बाजूला ठेवतात, खुर्ची ओढून तुमच्या समोर बसतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "का हसलात?" आवाजात राग नसतो की टोमणा नसतो. डॉक्टर 'कुठं दुखतं' म्हणून विचारतात, अगदी त्या सुरात. तुम्ही गोंधळलात की पुढचं वाक्य ठरलेलं. "घाई नाही. विचार करून सांगा."

डहाणूच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात मी मराठी शिकवायला लागले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझी पाळी आली. मधल्या सुट्टीत प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये येऊन एक विनोद सांगितला. सगळे हसले. मीही हसले, जरा जास्तच हसले, कारण नोकरी नवीन होती. प्राचार्य गेले आणि पांढऱ्या बुशशर्टातले एक उंच, सडपातळ गृहस्थ खुर्ची घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. "मी तामोरे. तर्कशास्त्र. तुम्ही का हसलात?"

मी म्हटलं, विनोद चांगला होता. तेव्हा त्यांनी तो मला परत सांगायला लावला. मला तो आठवेना. अर्ध्या मिनिटापूर्वी ज्याला डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते, त्यातलं एकही वाक्य आठवेना. सरांनी खिशातून छोटी वही काढली आणि काहीतरी लिहिलं. मी वाकून पाहिलं. 'सावे मॅडम (नवीन). हसण्याचं कारण : प्राचार्य.'

त्या दिवसापासून मी त्यांना जरा घाबरूनच होते. सगळेच असायचे. सर खोलीत आले की हसू आटायचं. आमच्या हेडक्लार्कच्या मुलीच्या लग्नात हार घालताना नवरदेवाचा फेटा सरकून नाकापर्यंत आला आणि अख्खा मांडव हसला. सर जेवणाच्या पंगतीत एकेकाजवळ जाऊन कारण विचारत फिरले. लोक जिलेबी हातात धरून विचार करत बसले होते. शेवटी नवरीची आत्या म्हणाली, "मला तर काही दिसलंच नाही. सगळे हसले म्हणून मी हसले." सरांनी त्या बाईंना वाकून नमस्कार केला. पुढे कितीतरी दिवस ते सांगत होते, की इतकं खरं उत्तर त्यांना कोणी दिलं नव्हतं.

पण एकदा आमच्या शिपायाच्या वडिलांच्या दहाव्याला मी त्यांचं दुसरं रूप पाहिलं. विधी चालू असताना शिपायाच्या भावाला एकाएकी हसू फुटलं. तोंडावर हात दाबला तरी थांबेना. लोकांनी माना फिरवल्या. सर उठले आणि त्याच्या शेजारी जाऊन मांडी घालून बसले. मला वाटलं, आता वही निघणार. वही निघाली नाही. ते नुसते बसून राहिले आणि थोड्या वेळानं त्या माणसाचं हसणं रडण्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी मी धीर करून विचारलं, तेव्हा सरांनी मला त्यांची तीन कारणं समजावली. माणूस का हसतो, यावर जगभरच्या विद्वानांनी डोकं लढवलंय. ती जाडजूड मतं सरांनी आपल्या सोयीनं तीन शब्दांत बसवली होती. पहिलं, गच्ची. आपण वर उभे असतो, खाली कोणीतरी घसरतं, आपल्याला हसू येतं. दुसरं, पायरी. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटतं आणि पाय जमिनीवर पडतो. अपेक्षा एक, घडलं भलतंच. तिसरं, शिट्टी. आत वाफ कोंडलेली असते, ती कुठून तरी बाहेर पडते. शिपायाच्या भावाची शिट्टी होती, म्हणाले. वहीत ग, पा आणि शि एवढीच अक्षरं असत.

मी मराठीची एम.ए. हास्यरसावर परीक्षेत पानंच्या पानं भरलेली. पण या माणसानं स्टाफरूमच्या टेबलावर तीन अक्षरांत जे मांडलं, ते माझ्या त्या पानांत कुठंच नव्हतं.

गेल्या वर्षी सरांना त्यांचा सिनेमा सापडला. आकाशात उडणाऱ्या, पूल उचलणाऱ्या एका महावीराचा विनोदी हिंदी सिनेमा होता. बोईसरला जाऊन त्यांनी तो पाच वेळा पाहिला. पाचही वेळा पहिल्या रांगेचं तिकीट काढलं आणि पडद्याकडे पाठ करून प्रेक्षकांकडे तोंड केलं. त्यातला एक प्रसंग सिनेमावाल्यांनीच जाहिरात म्हणून मोबाईलवर फुकट सोडला होता. तो सरांनी पेनड्राईव्हवर घेतला आणि मग वर्षभर दुसरा विषय नाही.

प्रसंग असा. एका टॉवरमध्ये बॉम्ब आहे. महावीर ढग फाडत येतो, फाटकासमोर दणकन उतरतो, रस्त्याला तडे जातात. वॉचमन खुर्चीतून न उठता हात वर करतो आणि म्हणतो, आधी रजिस्टर. नाव, कुठून आलात, कोणाकडे, गाडी नंबर, वेळ, सही. पेन आखूड दोरीनं टेबलाला बांधलेलं आहे, त्यामुळे त्या धिप्पाड गड्याला कमरेतून वाकावं लागतं. पूल उचलणारा माणूस, पण दोरी तोडत नाही. गाडी नंबरच्या जागी तो 'उडत' असं लिहितो. नावाशी मात्र अडतो, कारण त्याचं नाव जगापासून गुप्त आहे. तो पेन धरून नुसता उभा राहतो. तेवढ्यात बॉम्ब लावणारा खलनायक मागे रांगेत येऊन थांबतो, घड्याळ बघतो आणि अगदी समजूतदारपणे म्हणतो, "कुछ भी लिख दो भाई, कौन पढ़ता है."

सर हा प्रसंग वर्गात फळ्यावर मांडायचे. एवढा मोठा गडी वाकला, म्हणून गच्ची. उडणं आणि सोसायटीचं रजिस्टर यांचा मेळ नाही, म्हणून पायरी. बॉम्बची टिकटिक चालू असताना खलनायक रांगेत उभा राहतो, म्हणून शिट्टी. आणि विशेष म्हणजे एवढं फोडून सांगितल्यावरही मुलं पुन्हा हसायची. चिरून दाखवलेला विनोद जिवंत राहतो, हे मी तिथंच पाहिलं.

मग त्यांना वाटलं, माणसं बदलली की हसण्याच्या जागा बदलतात का, ते तपासावं. एका रविवारी दुपारी ते मला अच्छाडला घेऊन गेले. हायवेवरच्या चेकपोस्टजवळच्या ढाब्यात त्यांनी मालकाला विचारून टीव्हीला पेनड्राईव्ह लावला. वीस-पंचवीस ट्रकवाले जेवत होते. कोण कुठे हसेल हे सरांनी वहीत आधीच लिहून ठेवलं होतं. पण वॉचमननं नुसता हात वर केला आणि सगळा ढाबा हसत सुटला. पेनापर्यंत, नावापर्यंत गोष्ट पोचलीच नव्हती. एक म्हातारा ड्रायव्हर ताट बाजूला सारून हसत होता. सरांनी त्याच्यासमोर खुर्ची ओढली आणि हिंदीत कारण विचारलं. तो म्हणाला, चाळीस वर्षं गाडी चालवतोय, आजवर वाटायचं की उडता आलं असतं तर बरं झालं असतं. आता कळलं, उडालो असतो तरी कोणीतरी हात केलाच असता.

सरांनी वहीतला आपला अंदाज खोडला. चूक निघाल्यावर इतका आनंदलेला शिक्षक मी पाहिला नव्हता. परतीच्या रिक्षात ते चार वेळा म्हणाले, "चौथं कारण आहे, मॅडम. आपल्या यादीत नसलेलं. तो स्वतःलाच पडद्यावर बघून हसला." मी म्हटलं, पुढच्या रविवारी तुमच्या गावी जाऊ, वरोरला. समुद्रावरची माणसं कुठं हसतात ते बघू. सर बाहेर बघत म्हणाले, "वरोर नको." एवढंच.

त्यानंतर महिन्याभरात ती गोष्ट घडली, जी मला सांगायची आहे.

अकरावीला वनिता नावाची मुलगी होती. सायवनजवळच्या पाड्यावरून आलेली, इथं वसतिगृहात राहायची. पहिले दोन महिने ती वर्गात बोललीच नाही. एके दिवशी मी उपमा आणि उत्प्रेक्षा शिकवत होते. फरक सांगून झाला आणि कोणाला काही शंका आहे का, असं मी नेहमीसारखं विचारलं. वनिता उभी राहिली. सगळं बळ एकवटून म्हणाली, "मॅडम, तू परत सांग ना. मला नाय समजला."

पाड्यावरच्या बोलीत मोठ्यांनाही तूच म्हणतात. त्यात कमीपणा नसतो. हे मला माहीत होतं. तरीही 'मॅडम' आणि 'तू' एकदम ऐकून वर्ग खो खो हसला आणि मला आवरायच्या आत मीही हसले. क्षणभरच हसले असेन. मग वर्गाला दटावलं, फरक पुन्हा सांगितला. पण वनिता खाली बसली होती आणि तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती बाकावरची एक रेघ नखानं खरवडत होती.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. आठवड्यानं तिच्या खोलीतल्या मुलीनं सांगितलं की ती घरी गेलीय आणि कॉलेजला येणार नाही म्हणते. मामीबरोबर चिकूच्या वाडीत कामाला जाणार आहे.

हे सगळं मी स्टाफरूममध्ये सांगितलं. मुलं कशी निर्दय असतात, असंही काहीतरी बोलले. सर ऐकत होते. ते खुर्ची ओढायला उठले नाहीत. जागेवरूनच, मान खाली घालून म्हणाले, "मुलांचं राहू द्या. तुम्ही का हसलात?"

मी म्हटलं, पायरी, सर. मॅडमच्या पुढं 'तुम्ही' येईल असं वाटतं आणि 'तू' येतं. सरांनी मान हलवली नाही. मग म्हटलं, शिट्टी असेल, तास संपत आला होता, मी दमले होते. उरलेला शब्द मला तोंडातून काढता येईना. इतकी वर्षं लोक या माणसापासून का पळायचे, ते मला त्या दिवशी कळलं.

"शनिवारी सायवनला जाऊ," सर म्हणाले.

मला वाटलं वनिताच्या घरी जायचं. सर म्हणाले, घरी मुळीच जायचं नाही. दोन शिक्षक दारात उभे राहिले की पाड्याला कळणार, पोरीचं काहीतरी बिनसलंय. आपण सिनेमा दाखवायला जायचं. सगळ्यांना. ती आली तर आली.

त्यांनी तिथल्या शाळेच्या गुरुजींना फोन करून खोली मागितली. कॉलेजचा जुना प्रोजेक्टर रेक्झिनच्या पिशवीत घालून आम्ही एसटीनं निघालो. कासा सोडल्यावर रस्ता चढाला लागतो. दोन्ही बाजूंना भातखाचरं, वर नाचणीचे उतार. सर सगळा वेळ प्रोजेक्टर मांडीवर घेऊन बसले होते.

भर दुपारी खिडक्यांना गोधड्या लावून खोली काळोखी केली. पन्नासेक माणसं आली. म्हातारी माणसं पुढं, पोरंसोरं खिडकीत. वनिता सगळ्यात मागं, दाराला टेकून उभी राहिली.

महावीर उतरला. रस्त्याला तडे गेले. कोणी हसलं नाही. वॉचमननं हात केला. कोणी हसलं नाही. सोसायटी, फाटक, रजिस्टर यांतलं काही त्यांच्या रोजच्या जगण्यातलं नव्हतं. मग पडद्यावर दोरीला बांधलेलं पेन दिसलं. पुढं बसलेली एक म्हातारी आधी पुटपुटली, मग मोठ्यानं म्हणाली, "तिथं पण दोरी!" आणि खोली हास्यानं फुटली. बँकेतली दोरी, तहसील कचेरीतली दोरी, अंगठा उठवायचे तेव्हा कोणाला न लागलेली आणि सही शिकल्यावर प्रत्येकाच्या मनगटाला काचलेली दोरी. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. मी सरांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून त्या माणसांकडे बघत होते, एखादा डोंगर बघावा तसे.

पुन्हा दाखवा म्हणाले, म्हणून तीनदा दाखवलं. मग सर नेहमीच्या कामाला लागले. एकेकाला कारण विचारलं आणि शेवटी दारापाशी गेले. वनिता हसली नव्हती. सरांनी तिला वेगळंच विचारलं, "तुला यातलं काय दिसलं?"

ती रिकाम्या पडद्याकडे बघत राहिली. सर म्हणाले, घाई नाही.

"त्याला उडता येते," वनिता म्हणाली. "पूल उचलता येते. पण दारात काय लिवायचा ते त्याला म्हाईत नाय. म्हणून तो उभा हाय. आतमंदी काम तर त्यालाच जमणार."

सरांनी वही उघडली होती. त्यांनी ती काही न लिहिता मिटली.

गोधड्या काढेपर्यंत मी वनिताला बाहेर हापशापाशी गाठलं. मी तिला सांगितलं की त्या दिवशी मी हसले ते स्वतःला वरची समजून हसले, आणि चूक तिची नव्हती, माझी होती. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर जाऊ दे म्हणेल. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "मग आता परत सांगशील? ते दोन्हींतला फरक?"

हापशाच्या ओट्यावर बसून मी तिला उपमा आणि उत्प्रेक्षा पुन्हा शिकवली. तिला दुसऱ्या उदाहरणाला समजलं. मी आजवर घेतलेल्या तासांपैकी तो एक तास मला धड आठवतो. पुढच्या सोमवारी ती कॉलेजात आली. तासाला उभी राहून तिनं मला 'तू' म्हणूनच प्रश्न विचारला. वर्गानं माझ्याकडे बघितलं. मी उत्तर द्यायला लागले, मग वर्ग लिहून घ्यायला लागला.

पण सायवनहून परततानाचं सांगायचं राहिलं.

एसटी रिकामी होती. मी सरांना म्हटलं, तुमच्यामुळे पोरगी वाचली. सर म्हणाले, असं बोलू नका. कासा मागे पडल्यावर खिडकीकडे बघतच त्यांनी सांगायला सुरुवात केली. पाचवीला ते वरोरहून डहाणूच्या शाळेत आले. पहिल्याच दिवशी गुरुजींनी विचारलं, तुझे वडील काय करतात. मुलानं उभं राहून घरच्या मांगेली बोलीत सांगितलं. होडी, जाळं, पहाटे किती वाजता निघतात, कोणते मासे आणतात, सगळं. चांगली पाच-सहा वाक्यं. वर्ग हसला. गुरुजीही हसले, वाईट नव्हते, पण हसले.

"कोणत्या शब्दाला हसले, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही," सर म्हणाले. "तो एक कळला असता तर तेवढाच सोडला असता. कळला नाही, म्हणून सगळेच सोडले."

त्या दिवसापासून ते घरीही पुस्तकातलं मराठी बोलायला लागले. आई मांगेलीत विचारायची, हे शाळेतल्या भाषेत उत्तर द्यायचे. आईला आधी वाटलं, पोरगा रागावलाय. मग वाटलं, साहेब झाला. तिला त्याचा अभिमानही होता. ती शेवटची आजारी पडली तेव्हा महिनाभर ते उशाशी बसून होते. "काय होतंय, पाणी देऊ का, डॉक्टरांना बोलावू का, सगळं विचारलं तिला," ते म्हणाले. "सगळं शुद्ध भाषेत."

त्यांनी प्रोजेक्टरची पिशवी सारखी केली.

डहाणूला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सर म्हणाले, जरा मासळी बाजारातून जाऊ. वरोरच्या बायका तिथं टोपल्या घेऊन बसतात. एका वयस्कर बाईनं सरांना ओळखलं. त्यांच्या वडिलांचं नाव घेऊन तिनं त्यांना हाक मारली आणि मांगेलीत काहीतरी विचारलं, बहुधा इतके दिवस कुठं होतास, असं.

सर टोपलीसमोर उकिडवे बसले. चष्मा काढून खिशात ठेवला. मग त्यांनी उत्तर दिलं, तिच्याच बोलीत, एकेक शब्द चाचपत, नदीतल्या दगडांवर पाय ठेवत जावं तसं. मला अर्धंच समजलं. आईचं काहीतरी होतं त्यात.

बाईनं त्यांचा एक शब्द दुरुस्त केला. सरांनी तो हळू आवाजात पुन्हा म्हणून पाहिला.